मुंबई ते जेद्दा, नऊ तास

८ जानेवारी १९६२, दिग्रस
आज सकाळी फजरची नमाज पढून मराठी शाळेत गेलो आणि भिंतीवरच्या नकाशाला शिलाई मशीनचा दोरा लावून मुंबई ते जेद्दा अंतर मोजलं. बावीसशे मैल. हेडमास्तर बबनराव म्हणाले, "गनीभाऊ, मशीन दुरुस्तीचं दुकान टाकून हे काय करून राह्यले?" सांगितलं, यंदा हज. मी आणि बायको जैबुनबी. विमानानं. ताशी अडीचशे मैल, म्हणजे नऊ तास. एस.टी.सारखे चहाचे दोन थांबे धरून दहा. जहाजाला आठ दिवस. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एवढी हिंमत दिग्रसात दुसऱ्या कोणाची नाही.

१० जानेवारी
जैबुन म्हणते, "कसंही न्या, पण याच साली न्या. तीन वर्षं नुसतं ऐकून राह्यली." हजचा फॉर्म पोस्टात टाकायची शेवटची तारीख ३१. एकवीस दिवस आहेत. घाई नको.

१२ जानेवारी, जुम्मा
मोठी गोष्ट सुचली. विमान पश्चिमेला जाणार, किब्लाही, म्हणजे नमाजची दिशाही, पश्चिमेला. म्हणजे सीटवरचा प्रत्येक माणूस आपोआप किब्ल्याकडे तोंड करून. हातातला पेचकस खाली ठेवला. डोळे भरून आले.
पण दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर उडालो तर सूर्यही आपल्या पुढं पुढं. मग सूर्य बुडाल्यावरची मगरिब कोणत्या गावाची धरायची? मौलवीसाहेबांना विचारलं. म्हणाले, "गनीमियाँ, पहिले फॉर्म तर भरा."
प्रश्न त्यांनाही जड गेला.

१९ जानेवारी
नकाशा पुन्हा मोजला. तेवीसशे. दोरा बदलावा लागेल. फॉर्म सोमवारी नक्की.

२२ जानेवारी, सोमवार
फॉर्म आणायला एस.टी.नं यवतमाळला निघालो. विमानाची प्रॅक्टिस म्हणून मुद्दाम खिडकी धरली. वीस वर्षांत सायकलशिवाय कशात बसलो नव्हतो. दारव्ह्याच्या अलीकडे तीन उलट्या. डिझेलचा वास. कंडक्टर ओरडला, "चाचा, मुंडकं बाहीर ठेवा, बाकीचे आत राहू द्या!"
दारव्ह्याला उतरलो. विमान रस्त्यावरून जात नाही. यावरून काहीच सिद्ध होत नाही.

२४ जानेवारी
सरकीच्या बैलगाडीतून घरी पोचलो. पंचवीस मैल, दीड दिवस. जैबुननं लिंबू कापून दिलं. म्हणाली, "अन् ते नऊ तास?"
लिंबू चोखत राहिलो. अशक्तपणा होता.

२७ जानेवारी
शांतपणे विचार केला. नऊ तासांत शरीर पोचेल, मन मागंच राहील. अल्लाच्या एवढ्या मोठ्या घरी जायचं तर आठ दिवस तस्बीहची माळ ओढत, मन धूत जावं. शिवाय जहाज फार मोठं असतं. हलत नाही म्हणतात.

२९ जानेवारी
सकाळच्या गाडीनं मेहुणा कय्युम यवतमाळहून आला. सोबत फॉर्म. भरलेला. दोघांची नावं, पुढं 'जहाज'. जैबुननं त्याला चिठ्ठी दहा तारखेलाच धाडली होती म्हणे.
मी तिला स्पष्ट सांगितलं, सर्व बाजूंनी विचार करून मी जहाज ठरवलं आहे.
ती म्हणाली, "हौ जी, तुमीच ठरवलं. आता सही करा, पोस्टाची थैली बाराले जाते."
सही केली. सायकलवर जातीनं जाऊन साडेअकराला रजिस्टर करून आलो.