उलट्या पिळाची दोरी

९ नोव्हेंबर २०२५, सोलापूर

ज्या वहीत आजवर केवळ इतरांची वाक्ये उतरवून घेतली, तिच्यात स्वतःविषयी लिहिण्याचे धाडस करते आहे, क्षमा असावी. कोणाची क्षमा, ते ठाऊक नाही. ही वही दुसरे कोणी उघडत नाही. पण परीक्षेत केंद्रात पहिली आलेल्या मुलीला चार महिन्यांत वीतभर पट्टा विणता आलेला नाही, हे कुठेतरी नोंदले जावे.

महबूबचाचांनी आजही उसवायला लावले. पूर्वी ते टांग्याच्या घोड्यांचे तंग विणत, म्हणजे पोटाखालून आवळायचे पट्टे. टांगे गेले. मी दर रविवारी त्यांच्या दारात बसून शिकते. नियम एकच: शिकणाऱ्याने विणलेले, घरी जाण्यापूर्वी उसवायचे.

"घरकू लेके गयी तो उसपे प्यार आता. फिर गलती दिखती नै."

१२ नोव्हें.

ग्रंथालयाच्या नोकरीत दिवसभर उच्चारलेले शब्द: कार्ड. सही. शुक्रवारी आणा. इतकेच. रविवारी याहून अधिक बोलते का? नाही. पण तिथे न बोलणे खटकत नाही.

१६ नोव्हें.

या गिरण्यांच्या आणि मागांच्या शहरात मला वाटे, उभा धागा आणि आडवा धागा असल्याशिवाय वीण नाही. इथे ते दोन्ही नाहीत. केवळ दोऱ्या. दोरी चार पदरांची, दोन काळे, दोन पांढरे. दाभणाने दोन पदर एका अंगाला सारायचे आणि पडलेल्या फटीतून शेजारची दोरी ओढून घ्यायची. एक दोरी दुसरीच्या पोटातून जाते. मग तीच तिसरीला पोटातून वाट देते.

परदेशातल्या बायका याच विणीच्या टोपल्या आणि गळ्यातले दागिने करतात, ते चाचांना मोबाइलवर दाखवले. बराच वेळ पाहत राहिले.

"घोडे का तंग गले में? औरतांकू सांस आती क्या?"

मी हसले. मोठ्याने. माझाच आवाज ओळखू येईना.

२३ नोव्हें.

मी डावखुरी. दोरी मांडीवर वळतात. उजव्या मांडीवर, उजव्या तळव्याने. मी नकळत डाव्या मांडीवर वळली की पीळ उलटा बसतो. चाचांना आता अंधुक दिसते, पण माझ्या सहा दोऱ्या बोटांतून ओढल्या आणि एक बाजूला फेकली. "ये उल्टी है. दूसरी के साथ नै बैठती."

निघताना सहज सांगावे तसे म्हणाले, "आठ तारीखकू गुलबर्गा जातूं. नसीम बोली, अब्बा, अकेले नक्को रहना." नसीमआपा ही त्यांची मुलगी.

मी "बरं" म्हणाले. केवळ बरं.

३० नोव्हें.

बारा दोऱ्या काल रात्री घरी वळल्या. शेवटची, एक कादंबरी संपवता संपवता.

आज पट्ट्याची सुरुवात चाचांनी स्वतः केली. चार बोटे लांबीचे विणले आणि माझ्या हाती दिले. "अब तू."

आई म्हणते, "दोऱ्याच वळायच्या व्हत्या तर एवढं शिकलीस कशाला गं? गुरं तरी हायती का आपल्याकडं?" 

७ डिसें.

शेवटचा रविवार. पट्टा हातभर झाला. चाचांनी तो मांडीवर घेतला, बोटे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली, मग परत आणली. मी उसवण्यासाठी हात पुढे केला.

"रैनदे."

"उसवायचं नाही?"

"रैनदे बोल्या ना मैं. लेके जा."

रस्ताभर पट्टा पिशवीत ठेवला नाही, हातातच धरला.

९ डिसें.

सकाळी खिडकीतल्या उन्हात पट्टा धरला. सगळे टाके डावीकडे कललेले. त्यांतून एकच ओळ कडेपासून कडेपर्यंत तिरकी जाते, परतते, आणि तिचे टाके उजवीकडे झुकतात. बारावी दोरी. त्या रात्री पुस्तक उजव्या हातात होते.

एवढेच असते तर उसवले असते. पण ती दोरी सुरुवातीपासून आहे. चाचांनी विणलेल्या चार बोटांतही. ती काढायची तर त्यांचे विणकामही उसवावे लागेल.

आणि ती त्यांच्या हातांखालून गेली. दोनदा.

१० डिसें.

शक्यता दोन. बोटांना कळले आणि त्यांनी ती दोरी तशीच राहू दिली. म्हणजे मी शिकले नाही, त्यांना माझी कीव आली. किंवा कळलेच नाही. म्हणजे त्यांची बोटेही

दुसरी शक्यता लिहून पूर्ण करवत नाही. पहिली खरी ठरावी असे वाटते, हे मात्र लिहिते.

१२ डिसें.

आईला दाखवले. तिने पट्टा उलटसुलट पाहिला. "चांगला हाय की. कुटं चुकलंय?" मी बोट ठेवले. "हे व्हय? हे तुझ्याशिवाय कुणाला दिसतंय?"

हीच तर अडचण.

चाचांना अक्षरओळख नाही. मी चार पाने निर्दोष लिहू शकते आणि ती एक ओळसुद्धा त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. बोलावेच लागेल.

१४ डिसें.

रविवार. दुपारी जेवून सवयीने चप्पल घातली. मग काढली.

नसीमआपांच्या मोबाइलवर पाठवण्यासाठी सात वेळा निरोप रेकॉर्ड केला, सात वेळा पुसला. पहिल्यात फार क्षमा होती. तिसऱ्यात रडले. पाचव्यात नुसतेच वाहनांचे आवाज. आठव्या खेपेस इतकेच म्हणाले:

"चाचा, मी बोलतेय, सोलापूरहून. बारावी दोरी उलटी आहे. वळताना मी वाचत होते, डावा हात चालला. चूक माझी. ती काढायची तर तुमची चार बोटंही उसवावी लागतील. काय करू?"

कळले होते का, हे विचारले नाही. सांगायचे असेल तर ते सांगतील.

पाठवले: १४ डिसेंबर २०२५, सायंकाळी ५ वाजून ४२ मिनिटे.