बोल्ट ढिला नव्हता

आबा, गाडीचा पंखा आता आवाज करत नाही. तुम्ही असता तर हातपाय धुवायच्या आधी तेवढंच विचारलं असतं, म्हणून ते पहिल्यांदा सांगून टाकते. तुम्ही मला दिलेली ती गोल दिव्यांची, दुधाच्या सायीच्या रंगाची गाडी, जिच्यावर ह्यांच्या माघारी ताडपत्री पडली आणि जिच्या मागच्या सीटवर शेजारच्या मांजरीनं पिल्लंसुद्धा घातली, ती गाडी परवा मलकापूरला जाऊन आली. मी मागं बसले होते, मांडीवर चकल्यांचा डबा. आणि चालवत कोण होतं म्हणाल? माझी नात. माझ्या लेकाची पोरगी. आबा, पोरीचा हात इंजिनवर असा पडतो की बघत बसावं. झाकण उघडलं की तुमच्यासारखी आधी काही न करता नुसती उभी राहते, मान वाकडी करून. मी तिला एकदा म्हटलं, "अगं, काय बघतीस?" तर म्हणाली, "बघत न्हाय, ऐकतीया." मला इतका आनंद झाला की त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं. मला लिहायची सवय नाही, चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच, तेव्हा मागचं पुढं आणि पुढचं मागं होईल. सांभाळून घ्या.

तर झालं असं. पोरगी पुण्याची नोकरी सोडून घरी आली. म्हणते, घरामागच्या शेडमध्ये जुन्या गाड्या दुरुस्त करणार. जुन्या म्हणजे आपल्या गाडीसारख्या, ज्यांना आता कुणी हात लावत नाही. लेकाचं डोकं फिरलं. "शिकली कशाला मग? पाने फिरवायला?" असं रोज. शेवटी त्यानंच अट घातली, की आधी ही आपली गाडी नीट कर, आवाज न होता, तापल्याशिवाय मलकापूरला जाऊन येऊ दे, मग शेड तुझी. नाहीतर शेड भाड्यानं जाईल आणि तू पुण्याला. मलकापूरच का, तर तिथं माझी लेक दिलीय, आणि तिच्या सासऱ्यांची एक जुनी जीप गोठ्याशेजारी वर्षानुवर्षं उभी आहे. गाडी चांगली आली तर जीप आमच्या पोरीकडं द्यायची असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. तिची पहिली बाहेरची गाडी ठरली असती ती. पोरगी नुसती त्या जीपचंच बोलायची.

खंडेनवमी आली तोवर पोरीनं गाडी चालती केली होती. तुमची खंडेनवमी मला अजून दिसते. पोत्यावर ओळीनं मांडलेले पाने, प्रत्येकाला कुंकू, जॅकला सुद्धा हार, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडतेय की नैवेद्य थंड होतोय. मी असेन सात-आठ वर्षांची. एका वर्षी मला वाटलं, बाहेरच्या सगळ्याला फुलं आणि आत जे खरं काम करतंय ते उघडंच. म्हणून मी झेंडूची माळ घेऊन पंख्याच्या पात्याला गुंडाळली. तुम्ही बघितलं. तुम्ही मारलं नाही, पण आवाज असा चढवला की गल्लीतली माणसं थांबली. "पूजा भाईरनं करायची! आत जे फिरतंय त्येला काय बांधायचं न्हाय. देव बांधलास तर त्येचाबी हात तुटंल!" मी रडायला लागले. मग तुम्हीच माझ्या हातात बॅटरी दिलीत, म्हणालात, "हितं उजेड धर," आणि एकेक पाकळी चिमटीनं काढलीत. माझे अश्रू वाळेपर्यंत तुमचं काम संपलं होतं. ही गोष्ट मी घरात सगळ्यांना सांगितलीय. नातीला तर इतक्यांदा की ती माझ्याबरोबर शेवटचं वाक्य म्हणते. गाडीवाल्याची लेक म्हणून या घरात माझा जो काही मान आहे, तो अशाच गोष्टींवर आहे की.

आणि मी काय करावं? खंडेनवमीला गाडी पुसून, हार घालून दारात उभी केली. गल्ली लोटली. पलीकडची बाई म्हणाली, "काय चमकवलीया गं पोरीनं! नवीच वाटतीया." झालं. म्हटलं, दृष्ट लागणारच. लिंबू-मिरची मी आधी एकदा पुढच्या दांडीला बांधली होती, तर पोरीनं ती सोडून माझ्या हातात दिली, "आज्जी, चकाकीवर डाग पडतात गं." म्हणून ह्या वेळी मी बाजारातून काळी भावली आणली, तारेत ओवलेली, खाली एक बिब्बा, आणि सगळी जेवायला बसली तेव्हा झाकण उचलून रेडिएटर आणि पंखा यांच्यामधल्या फटीत, खाली आडपट्टीला बांधली. कुणाला दिसायची नाही. लावताना तुमची आठवण आली का, असं विचाराल तर आली. मी मनाला म्हटलं, मी पंख्याला कुठं बांधतेय, पट्टीला बांधतेय.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली आणि आवाज. टक टक टक, मग खर्रर्र. पोरगी खाली वाकली, गाडी बंद केली, काही नाही. सुरू केली, परत टक टक. आता मला सगळं कळतं बघा, तेव्हा नाही कळलं: गाडी बंद असली की भावली पट्टीमागं गुमान लोंबायची, आणि सुरू झाली की पंखा वारा ओढायचा आणि तो बिब्बा पात्यावर आपटायचा. पोरीनं पंखा हातानं हलवून बघितला, बेरिंग घट्ट. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ऐकलं. पट्टा काढून जरा वेळ इंजिन चालवलं, तर आवाज गायब. "म्हंजी पंख्याजवळच काय तरी हाय," ती म्हणाली, आणि आबा, मला तिथंच भावली आठवली. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य होतं. पण लेक दारात उभा होता. "पंखा हिनंच काढला, हिनंच रंगवला, हिनंच बसवला. आता हिलाच सापडंना. हे असं धंदा करणार व्हय?" पोरगी माझ्याकडं वळून म्हणाली, "आज्जी, तूच सांग, तुझ्या आबांनी काय केलं असतं?" मी म्हणाले, "त्यांनी आधी चहा घेतला असता." सगळे हसले. मी आत जाऊन चहा टाकला, आणि उतू जाईपर्यंत भांड्याकडं बघत उभी राहिले.

रोज वाटायचं, उद्या सांगू. पोरीनं पात्यांची धार तपासली, मापं घेतली, फोनवर कुणाकुणाला आवाज ऐकवला. लेकानं शेड बघायला एक गिऱ्हाईकसुद्धा आणलं, टाइल्सवाला, तो शेडमध्ये पावलं टाकून लांबी मोजत होता आणि पोरगी गाडीखाली. मला चोरून ती भावली काढायची होती, पण गाडीजवळ सतत तीच. जेवणसुद्धा तिथंच. तिचं ताट घेऊन मी जायची, ती म्हणायची, "आज्जी, तू हायस म्हणून बरं हाय." असं म्हणायची, आबा.

शेवटी तिनं पाणी सोडून रेडिएटरच उतरवायला घेतला. मी स्वयंपाकघराच्या दारात, हाताला पीठ. रेडिएटर वर उचलला आणि ती थांबली. खाली हात घालून तिनं काहीतरी ओढून काढलं. कापड कधीच फाटून गेलं होतं, तार, बिब्बा आणि काळी चिंधी एवढं उरलं होतं. तिनं ते तळहातावर घेऊन बघितलं. मग मान वर करून माझ्याकडं. मी काय करू, मी पीठ मळायला लागले, मळलेलंच पीठ. तिनं ते खिशात घातलं. संध्याकाळी लेकानं गाडी सुरू करून ऐकली. शिलाई मशीन चालावी तशी गाडी. "काय झालं हुतं?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "पात्याचा एक बोल्ट मीच ढिला ठेवलावता, पप्पा." लेक म्हणाला, "बघ! आधी न्हाय बघायचं?" पण म्हणताना हसला. मी दारामागं उभी. तिनं माझी चूक स्वतःवर घेतली, आणि रात्री माझे पाय चेपायला आली तेव्हा त्यातलं अवाक्षर काढलं नाही. मीही नाही.

मलकापूरच्या रस्त्याला मी सगळं विसरले, खरं सांगते. काचा खाली, दोन्हीकडं ऊस, आणि गाडीचा आवाज कसा, तर जवळजवळ नाहीच. बांबवड्याला चहाला थांबलो तर दोन म्हातारी माणसं आपसूक जवळ आली. एकानं विचारलं, "पावणं, गाडी कुणी केली?" लेकानं पोरीकडं बोट दाखवलं. आबा, दाखवलं त्यानं! मी तुमच्या नावानं चहाचा पहिला घोट मनात सोडला. अट तर तिथंच पुरी झाली. शेड तिची झाली.

पण मलकापुरात जेवणं झाल्यावर ओसरीवर गप्पा रंगल्या आणि लेकाला फुशारकी आली. "पोरगी हुशार हाय, पण आठवडाभर टकटक टकटक! शेवटी काय, तर हिनंच बोल्ट ढिला ठेवलेला!" सगळे हसले, पोरगीपण हसली. व्याही मात्र हसता हसता थांबले. त्यांनी गोठ्याकडं बघितलं, जिथं जीप उभी होती. मग सावकाश म्हणाले, "व्हय की. पण जीप आमची घाटातनं जाणार. बोल्टाचं काम जोखमीचं. बघू, दिवाळी झाल्यावर बघू." पोरीचं तोंड एवढंसं झालं. सुपारी कातरायला घेतल्यासारखं करून तिनं मान खाली घातली.

मी उभी राहिले. सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाले, "बोल्ट न्हवता ढिला. मी भावली बांधलीवती आत. पंख्यात मीच घातलीवती." माझी लेक पदर तोंडाला लावून हसली. लेक म्हणाला, "आई, नातीला किती पाठीशी घालशील? जी बाई आम्हास्नी जन्मभर सांगत आली आत काय बांधू नका, ती बांधंल व्हय?" व्याही तर खोकेपर्यंत हसले. "आज्जी पाहिजे तर अशी! खोटं बोलून आळ अंगावर घेती!" मी पोरीकडं बघितलं. तिच्या खिशात ती तार असेल का, तिनं ती काढून दाखवावी का. ती उठली, माझ्या हाताला धरलं आणि खाली बसवलं. "ऱ्हाऊ दे, आज्जी. दुसरी गाडी मिळंल." तिचा हात गरम होता. मी बसले.

परत येताना ती गुणगुणत होती. मी विचारलं नाही, तार कुठंय म्हणून. आज तिनं शेडवर पाटी लावली, मी नारळ फोडला, पेढे वाटले, गल्लीतल्या बाईनं विचारलं तर छाती फुगवून सांगितलं, माझी नात. हे सगळं मी तुम्हाला सांगायला बसले होते, आनंदाचंच लिहायचं होतं. व्याह्यांना एक फोन केला, शांतपणे, शपथ घेऊन सांगितलं, तर ते मानतील. जीप अजून तिथंच आहे. फोन इथं माझ्या गुडघ्याजवळ आहे, आणि पोरीनं मला नंबर लावायला शिकवलाय. हा कागद कुठं धाडायचा प्रश्नच नाही, तुम्ही आहात कुठं. तुम्हाला म्हणून सांगते. ओसरीवर सगळे हसले, कुणीच खरं मानलं नाही, तेव्हा मला वाईट वाटलं असं मी स्वतःला सांगत आलेय. वाईट नंतर वाटलं, आबा. आधी हायसं वाटलं होतं.