बिजलीचं दुसरं करडू

३ फेब्रुवारी, सोमवार

फ्लेव्हिया आज परत आली! हातात फणसाचा पाला. "बिजलीला आनला," म्हणाली. कुंपणावरून भांडण झाल्यापासून या बाईने माझ्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं, आणि आता माझ्या शेळीचे एवढे लाड? माझी धाकटी जाऊ आहे, मी तिला चांगली ओळखून आहे. उगाच कोणाला पाला घालणाऱ्यातली ती नव्हे.

तिची स्वतःची शेळी, काळी, तीपण गाभण आहे. तिचं बघावं की तिने.

माझी लेक मेगन बाळंतपणाला आल्यापासून हे सगळं सुरू झालंय. पोरगी जेसल पार्कच्या फ्लॅटमध्ये राहून पांढरी पडली होती, इथे वाडीत जरा तोंडावर रंग आला. दिवसभर बिजलीपाशी बसते. गेल्या खेपेचं बाळ पोटातच गेलं. त्याबद्दल मी इथे परत लिहिणार नाही.

पण एक लिहिते. माझी आई सांगायची, घरात गाभण जनावर आणि गरोदर बाई एकाच वेळी असली की जनावराकडे बघायचं. जनावर सुखरूप सुटलं की बाईपण सुटते. गेल्या खेपेला गोठा रिकामा होता. या खेपेला बिजली आहे. मेगनसमोर एकदाच तोंडातून निघून गेलं, तर हसली. हसू दे. मी मात्र बिजलीला डोळ्यांत तेल घालून जपतेय.

५ फेब्रुवारी, बुधवार

फ्लेव्हिया आणि मेगन पडवीत कुजबुजत होत्या. मी गेले तशा गप्प. काय चाललंय विचारलं तर मेगन म्हणते, "काही नाही गं मम्मी, बोंबील सुकवायचं बोलतोय."

मेगन! जिला लहानपणी सुक्या मासळीच्या वासाने उलटी व्हायची!

माझ्याच घरात, माझ्याच पोरीला माझ्यापासून तोडतेय ही बाई. माझ्या नवऱ्याला, गॅब्रियलला, सांगितलं तर पेपरातून मान वर न करता म्हणाला, "तुला संशयाचा रोग हाय."

६ फेब्रुवारी, गुरुवार

बिजलीची कास तटतटली आहे. पाला तोंडात धरते आणि टाकते. मीपण माझं ताट तसंच सारलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

व्याली. पण नीट लिहायलाच हवं, नाहीतर उद्या हेच लोक मला वेडी ठरवतील.

सकाळी फ्लेव्हियाची काळी व्याली. किती झाली, काय झालं, सांगितलं नाही. नाळ गळून पडेपर्यंत ती करडं कोणाला दाखवत नाही, दृष्ट लागते म्हणे. दुपारी जेवणं आटोपतायत तोवर बिजलीची पाणमोट फुटली. गॅब्रियल केबिन रोडला गेलेला. जनावरांचा डॉक्टर फोन उचलेना. मी बांगड्या काढल्या, कोपरापर्यंत खोबरेल चोळलं आणि बसले. मेगनने बिजलीचं डोकं मांडीवर घेतलं. तिला म्हटलं आत जा, हे बघायचं नाही तू. ऐकते कुठे!

एकच खूर बाहेर आला होता. दुसरा पाय आत मुडपलेला. मी बोटांनी चाचपला, गुडघा लागला, पण माझा हात जाड, आत जाईना. बिजली कळ देत होती आणि माझा हात दाबला जात होता. ती ओरडली तसं माझं अवसान गेलं. मीच कुंपणापाशी जाऊन फ्लेव्हियाला हाक मारली. काय करणार, तिचा हात बारीक आहे आणि तिची आई गावातल्या सगळ्या शेळ्या सोडवायची.

आली. बसली. आत हात घातला. तिचं तोंड एकदम बदललं, ते मी बघितलं! मग मला म्हणाली, "बाय, गरम पानी आन, गूल टाकून."

नेमका सिलिंडर संपलेला. चूल पेटवून पाणी आणेपर्यंत वेळ गेला. आले तर गोठ्याचं दार आतून बंद.

"बाहेरच थांब, बाय. बिजली बावरली हाय."

माझ्या गोठ्यात मलाच बंदी! दार उघडलं तेव्हा फ्लेव्हिया टब घेऊन बाहेर पडली, वर गोणपाट. "वार पडली हाय. कुत्रे येतील, पुरून येते." आत बिजली एक काळं करडू चाटत होती. मादी. ओलंचिंब, पण पायांवर नीट उभं. मेगनचे डोळे सुजलेले.

मी गुडघ्यावर बसून क्रूस काढला. सुटली. बिजली सुटली. माझी मेगनपण सुटणार.

८ फेब्रुवारी, शनिवार

पण वार एवढी जड असते? टब दोन्ही हातांनी धरून, वाकून चालली होती ती.

बिजलीच्या पोटात दोन होती. मी रोज हात लावून बघत होते, मला कळत नाही? गॅब्रियल म्हणतो, "एकच हाय तर एकच हाय. पोटात शिरून बघनार होतीस काय?"

आणि बिजली तांबडी. करडू काळं कुळकुळीत. बापावर गेलं म्हणे! आज कुंपणाच्या फटीतून बघितलं, तर काळीच्या पोटाखाली काय असावं? तांबडं करडू! आणि काळी सारखी आमच्या बाजूला तोंड करून ओरडतेय. ओरडेलच. दुसरीचं पोर गळ्यात मारलं की कोण गप्प बसेल?

१० फेब्रुवारी, सोमवार

मेगनला विचारलं. तू आत होतीस, किती झाली? "एकच," म्हणाली, आणि कान ओढला. लहानपणापासून खोटं बोलताना कान ओढते.

म्हणजे हिलापण फितवलं.

मला करडाचं काही पडलेलं नाही. फ्लेव्हियाने मागितलं असतं तर दिलंही असतं, शिव्या घालून का होईना. पण एक सुटलं आणि एक चोरीला गेलं, तर मी काय समजायचं? शकुन अर्धा कसा असेल? मेगनकडे बघितलं की नको ते मनात येतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज सोक्षमोक्ष लावला. फ्लेव्हिया बाजारात गेलेली बघून कुंपणाच्या भगदाडातून गेले. या वयात, गाऊन काट्यात अडकवून घेऊन! काळीजवळ ते एकच तांबडं करडू होतं. उचललं आणि आणून बिजलीपुढे ठेवलं. आई आपलं पिल्लू वासावरून ओळखते, त्यात फसवाफसवी चालत नाही.

बिजलीने हुंगलं. आणि अशी ढुशी मारली की बिचारं कोलमडून पडलं. परत ठेवलं, परत ढुशी. ते काळं मात्र तिच्या पोटाखाली ढोसत होतं आणि ती त्याची शेपटी चाटत होती.

मागे वळले तर फ्लेव्हिया उभी. आता आरडाओरडा करणार, गाव गोळा करणार, मी तयारच होते. तिने करडू उचललं, पदराने पुसलं आणि माझ्या हातावरचे ओरखडे बघून म्हणाली, "जास्त लागलं न्हाय ना, बाय?" आणि गेली.

ओरडली का नाही? मन साफ असतं तर ओरडली असती. तांबडं बिजलीचं नाही, मग बिजलीचं दुसरं कुठे आहे? विकलं? तिच्या त्या गोड बोलण्याचीच मला जास्त भीती वाटते.

१५ फेब्रुवारी, शनिवार. हॉस्पिटलच्या बाकावर

पहाटे मेगनला कळा सुरू झाल्या. गाडीत मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "घाबरू नको बाळा. बिजली सुखरूप सुटली ना, तूपण सुटशील."

पुढच्या सीटवर फ्लेव्हिया होती. मेगनने तिच्याकडे बघितलं. मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "मम्मी, बिजलीची दोन्ही मेलेली निघाली. हे काळं करडू काळीचं आहे. तिला दोन झाली होती, तू चुलीपाशी होतीस तेव्हा त्यातलं एक आण्टीने आणलं. बिजलीच्या अंगचं पाणी त्याला चोळलं आणि तिच्यापुढे ठेवलं, तिने आपलं समजून चाटलं. मीच सांगितलं होतं आण्टीला, काही वाईट झालं तर मम्मीला दाखवू नको. तू तो शकुन धरून बसली होतीस. मी तेव्हा घाबरले नाही. आता पण नाही घाबरत. तू पण घाबरू नको."

तिला आत नेलंय. माझ्याकडे आता शकुन नाही, काही नाही. नुसती माझी पोरगी आहे, त्या दाराच्या पलीकडे. फ्लेव्हिया शेजारी बसली आहे. मी डाव्या हाताने तिचा हात धरलाय, वही सरकतेय, म्हणून अक्षर वाकडं येतंय.