एक आवाज बाकी

जुने शहर, अकोला
गुरुवार

प्रिय प्रणाली,

मेल केला असता तर तो कंपनीच्या संगणकात राहिला असता, म्हणून कागदावर लिहिते आहे. अमरावतीच्या होस्टेलात तू दर रविवारी आईला लांबलचक पत्र लिहायला बसायचीस आणि मी तुला चिडवायचे की फोनवर दोन मिनिटांत संपलं असतं. मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा भाषा कोरडी वाटली तर चालवून घे. विषय सावरटेकच्या बंद खदानीवर तुमच्या कंपनीने बांधलेल्या अंगणवाडीचा आहे. सोमवारी तू नागपूरहून येऊन ती गावाच्या हवाली करणार आहेस. त्याच वेळी आवारात बोअर मारायची गाडी लागणार, पाणी लागलं की नारळ फुटणार, मुलं समोर सतरंजीवर बसलेली असणार. जागा सुरक्षित असल्याच्या दाखल्यावर मी अजून सही केलेली नाही. कारण ऑफिसातल्या माणसांसमोर तुला फोनवर विचारता आलं नसेल, मलाही सांगता आलं नाही.

इथे तसं बरं आहे. अब्बांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चालू आहे, मोर्णा नदीचा वास तोच आहे. दोन हंगाम कोरडे गेल्यामुळे बाजारात वर्दळ कमी. कापूस विकून लोक शिवायला कापड आणायचे, ते आता जुनंच उसवून पुन्हा शिवतात. मी अमरावतीच्या प्रयोगशाळेत कंपन, धूळ आणि पाणी मोजते. तुमच्या कंपनीच्या वार्षिक अहवालातले पर्यावरणाचे निम्मे आकडे आमच्याकडून जातात, हे तुला माहीतच आहे. एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. आपण न फुटलेल्या सुरुंगांची संख्या छापतो, पण ती कुणी मोजत नाही. सुरुंग लावणाऱ्याने तसं लिहून दिलं तरच तो आकड्यात येतो. त्याने काही लिहिलं नाही की आपण शून्य छापतो. तक्रारींचंही तसंच. सावरटेकच्या पानावर दोन्हीकडे शून्य आहे.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती नेहमीच्या तपासणीला. खदान बंद होऊन बराच काळ झालेला. फाटकावर ओमप्रकाश नावाचा पहारेकरी एकटा बसला होता. मी विचारलं, राखता काय? म्हणाला, "खड्डा राखतो मॅडम. कोनी उचलून नेला तं कंपनी मले इचारन ना!" आणि स्वतःच खूप हसला. खड्ड्यात हिरवं पाणी होतं. त्याच्या अलीकडचा भाग माती-मुरूम टाकून भरून घेतलेला, त्यावर तुमची झाडं आणि गुलाबी रंगाची अंगणवाडी. फोटोत दिसते त्याहून सुबक आहे. मी गावात पार्बताबाई नावाच्या एका बाईंच्या ओट्यावर कंपन मोजायचं यंत्र लावलं. काही नोंदायचं नव्हतंच. सुरुंग नाही तर कंपन कुठलं?

दुपार चढली आणि गावातले आवाज कमी होत गेले. आधी पिठाची गिरणी थांबली. मग कुणीतरी रेडिओ बंद केला. कोंबड्या आपण होऊन भिंतीच्या कडेला गेल्या. भोंगा नाही, हाक नाही. पार्बताबाई भाकर थापता थापता उठल्या आणि त्यांनी फळीवरचे डबे, ताटं, पितळी गडवे एकेक करून जमिनीवर उतरवले. शेजारच्या घरात तेच चाललं होतं, त्यापलीकडेही तेच. भांडी जमिनीला टेकताना जेवढा आवाज होतो तेवढाच सगळ्या गावात. मग त्या दारात बसल्या आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजू लागल्या. त्यांची नात, जी खदान बंद झाल्यावर जन्मली आणि जिने एकही धडाका ऐकलेला नाही, तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. पेरं मोजता मोजता पार्बताबाई एका जागी थांबल्या. अंगठा तिथेच. पुढच्या पेरावर तो गेला नाही. उतरवलेल्या हंड्यात पाणी होतं आणि त्या पाण्यावर एक बारीक वलय उमटलं. वारा नव्हता. हंड्याला कुणी शिवलेलं नव्हतं.

मी यंत्र पाहिलं. नोंद होती, पण मर्यादेच्या इतकी खाली की तुमच्या कोष्टकात ती "नाही" म्हणूनच जाते. मी पार्बताबाईंना म्हटलं, मावशी, खदान तर बंद आहे, मग भांडी कशाला उतरवता? त्या म्हणाल्या, "बंद तुमची झाली, पोरी. त्या जमिनीची कुठी झाली? एक आवाज बाकी हाय." मला समजलं नाही तेव्हा त्यांनी मला शहाणी म्हणून चिडवलं. "एवढी शिकली, अन् तुह्या यंत्राच्या डब्ब्याले काय पाह्यतं? हंड्याले हात लावून पाह्य!" मग सांगितलं. खदान चालू होती तेव्हा भोंगा वाजला की गावातल्या बाया भांडी उतरवायच्या आणि धडाके मोजायच्या. किती छिद्रं भरली ते सकाळी मजूर सांगून जायचे. तेवढे आवाज पुरे झाल्याशिवाय भांडं पुन्हा फळीवर चढवायचं नाही, ही रीत. पोरींना सासूने शिकवायची ती पहिली गोष्ट. शेवटच्या दिवशी एक आवाज कमी आला. तेव्हापासून त्या रोज त्याची वाट पाहतात. संध्याकाळी स्वयंपाकाला भांडी लागतात म्हणून चढवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरवतात.

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून ओमप्रकाशला वेगळं विचारलं. शेवटच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम होता. मंडप, पेढे, मोठे कर्णे लावून भाषणं. धडाका व्हायचा होता तेव्हा एक साहेब माइकवर बोलत होते. "कोन मोजते मॅडम तवा? टाळ्या वाजून राहिल्या होत्या." सुरुंग लावणारा त्याच रात्रीच्या गाडीने आपल्या मुलखात गेला. त्याने काही लिहून दिलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात मातीचे डंपर आले. मंडपात कुणाला कळलं नाही, पण गावातल्या बायांना जमिनीतून आणि भांड्यांतून कळलं होतं.

तुमच्या अहवालात त्या बायांचा पानभर फोटो आहे, भांडी उतरवतानाचा. खाली लिहिलंय, "सुरक्षिततेची रुजलेली सवय". फोटो तू काढलेला आहे आणि तो खदान बंद झाल्यानंतरचा आहे. त्या कशासाठी उतरवत होत्या, हे त्या वेळी तुला विचारावंसं वाटलं नाही का? दोष देत नाही. तिथे मीही पहिल्यांदा यंत्राकडेच पाहिलं.

त्यानंतर मी अनेकदा गेले, सुट्टीच्या दिवशीही. आसपास दुसरी खदान चालू नाही. रेल्वे लांब आहे. यंत्र मी गावात ठेवलं, खड्ड्याच्या काठावर ठेवलं, झाडांत ठेवलं. रोज दुपारी तीच हालचाल. सुरुंगाची न फुटलेली दारू जमिनीखाली गप्प पडून असते, ती अशी हलत नाही. हलतं ते काय, मला माहीत नाही. पण गावाकडून भरावाकडे गेलं की नोंद वाढते, एवढं मात्र मोजता आलं. काल मी अंगणवाडीचं कुलूप उघडून घेतलं. नव्या फरशीवर, रंगवलेल्या बाराखडीखाली यंत्र ठेवलं. दुपारी खिडकीची तावदानं अगदी हलकी वाजली आणि भिंतीवरच्या रंगीत चित्रांमागून चुना सांडला. नोंद सगळ्यांत मोठी तिथेच होती. मग जुना नकाशा काढला. शेवटची छिद्रं जिथे मारली होती ती ओळ अंगणवाडीच्या आवारातून जाते. बोअरसाठी तुमच्या माणसांनी चुन्याने फुली मारली आहे. फुली त्या ओळीवर आहे.

हे सगळं मी आमच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, बायकांच्या बोटांची पेरं जोडपत्रात लावायची का? आज दुपारी कळलं की दाखल्यावर दुसऱ्याकडून सही घेऊन तो तुमच्याकडे पाठवलाही. म्हणजे माझी सही आता लागत नाही. उरली फक्त तुझी, आणि तुला खरं सांगायला माझ्याजवळ हा कागदच आहे. प्रणाली, माझं चुकत असेल तर तिथे काहीच नाही, आणि तुला एक कार्यक्रम पुढे ढकलावा लागेल, तुमच्या साहेबांची बोलणी खावी लागतील. माझं बरोबर असेल तर बोअरचा दांडा त्या फुलीत, न फुटलेल्या सुरुंगावर उतरेल तेव्हा मुलं सतरंजीवर बसलेली असतील. गाडी थांबव. आधी जाणकार माणसं बोलावून ती जागा तपासून घे. कारण कुणी विचारलं तर माझं नाव सांग, लपवू नकोस. तू काय ठरवशील ते मला माहीत नाही, म्हणून माझं ठरवून ठेवलं आहे. सोमवारी सकाळी गाडी यायच्या आधी मी त्या फुलीवर जाऊन बसणार आहे. आज संध्याकाळीच पार्बताबाईंना सांगून आले. त्या घरात गेल्या आणि त्यांनी बसायला पाट आणून दिला.

तुझीच,
अफसाना