जमातीचं लेटरहेड

शारजा, १२ जानेवारी २०२६

प्रिय मरियमबी आपा,

अस्सलामु अलैकुम. आम्ही सगळे खैरियतने आहोत. मुनिबाचा खोकला गेला. दुबईहून घरी यायला आजही दोन तास ट्रॅफिकमध्ये मोडले. फहद उद्या गावी निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. फोनवर मला बोलता आलं नसतं.

विहीर चार पायऱ्या खाली गेली हे ऐकून डोकंच फिरलं. जानेवारीत ही गत, तर मे महिन्यात काय? त्या डेटा सेंटरवाल्या कंपनीला लाज कशी वाटत नाही? ह्यांची कॉम्प्युटरं थंड राहायला आपलं पाणी हवं, मग बायांनी हंडे घेऊन जायचं कुठे? आणि वर त्यांचा साहेब पेपरात सांगतो, गावाची लेखी संमती आहे. कुठलं गाव? तुम्ही बाया नऊ दिवस बोअरच्या गाडीपुढे बसलायत, ते गाव नाही?

गेल्या रमझानमध्ये त्यांनी दुबईतल्या देरा भागातल्या हॉटेलात आपल्या गावच्या माणसांना इफ्तार दिला. इथली आमची जमात म्हणजे पस्तीस जण, सगळे पुरुष. मशिदीचा पत्रा असो की शाळेची भिंत, आम्हाला विचारल्याशिवाय गावात काही होत नाही. हे त्या लोकांना बरोबर ठाऊक होतं. पडद्यावर शाळेचं इंटरनेट दाखवलं, पोरांच्या नोकऱ्या दाखवल्या. पाण्याचा शब्द नाही. हेमचंद्र नावाचा त्यांचा माणूस गोड मराठीत म्हणाला, "यूनुसभाई, तुम्ही सेक्रेटरी. तुम्ही म्हणाल तेच गाव."

मला ते ऐकून बरं वाटलं, आपा. खोटं कशाला सांगू.

परवा तू विचारलंस, कागदावर सही कुणाची? मी म्हटलं, आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता. जमातीच्या लेटरहेडवर सही माझी आहे. बिर्याणी यायच्या आधी केली, खलास. वीस वर्षं इथे टॉवरचे चिलर, म्हणजे एसीची पाणी थंड करणारी यंत्रं, सांभाळतोय. असल्या थंडाव्याला पाणी किती लागतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी मी विचारलं नाही. त्या विहिरीवर मी जन्मात एक कळशी भरलेली नाही.

सोबत दुसरा कागद आहे, त्याच लेटरहेडवर, संमती मागे घेतल्याचा. तो कलेक्टर कचेरीत दे. पण आधी हे पत्र विहिरीवर सगळ्यांसमोर वाच. एक ओळही गाळू नकोस. मी सुट्टी टाकलीय, शुक्रवारी पोचतो. बायांनी बसू दिलं तर तुमच्या मागे बसेन.

ज्याला विचारायलाच नको होतं, तो तुझा भाऊ,
यूनुस