लाल फुलीची पिन

प्रति,
मा. चीफ इंजिनियर साहेब,
नीराकाठ सहकारी साखर कारखाना,
ता. इंदापूर, जि. पुणे

विषय: फिटर अप्पा कोकरे यांची नोटीस रद्द करून दोष अर्जदाराच्या नावे लावणेबाबत.
संदर्भ: नापास भाग बसविल्याबद्दल अप्पांना मिळालेली, कामावरून काढण्याची दि. ४ फेब्रुवारीची नोटीस.

महोदय,

१. अर्जदार सर्जेराव सोनबा शिंगाडे, राहणार शेळगाव, याने दारूगोळ्याच्या लष्करी कारखान्यात अकरा वर्षे तोफगोळ्यांची टोपणे तपासली. त्याच सर्टिफिकिटावर आपण त्यास येथे तपासनीस नेमले. रुजू होताच त्याने गावच्या पारावर फुशारकी मारली, "देश तोफांवर उभा हाय, साखरेनं नुसता चहा गोड व्हतो." ऐकणाऱ्यांत अप्पाही होते.

२. दि. १ रोजी ऊस आत ओढणाऱ्या साखळीची पिन तुटली. अप्पांनी तासाभरात नवी केली. अर्जदाराने मोजली, केसभर जाड भरली, म्हणून तिच्यावर लाल फुली मारली व स्वतः दुसरी करावयास बसला. दीड दिवस गाळप बंद. लष्करात मालासाठी कोणी खोळंबत नसे. पास झालेला नग कोठारात जाई, तिथे गंजला की पुन्हा तोच करण्याचा हुकूम येई, आणि पगार चालूच. येथे फाटकाबाहेर दोनशे गाड्यांतला ऊस उन्हात वाळतो आहे, हे अर्जदाराच्या डोक्यात शिरलेच नाही.

३. त्या रांगेत अर्जदाराची विधवा चुलती बनाबाई हिचीही गाडी होती. ती फाटकाशी येऊन म्हणाली, "सर्ज्या, तोफ न्हाय ही. ऊस वाळाया लागलाय, वजन उतरतंय. कवा चालू करतूस?" अर्जदाराने तिला नियम सांगितला. सांगताना लाज वाटली नाही, याची आता फार लाज वाटते.

४. अखेर अर्जदाराची पिन शेवटच्या हाताला असतानाच अप्पांनी फुलीची पिन कानशीने दोनदा घासली, हातोडीने बसवली आणि गाळप सुरू झाले. अर्जदाराने मात्र वहीत 'नापास भाग विनापरवाना बसविला' असे लिहिले. त्यावरून अप्पांना नोटीस आणि अर्जदारास आपली शाबासकी मिळाली. ती त्याने मान खाली घालून घेतली.

५. तरी वीस वर्षे यंत्रावर हात काळे केलेल्या माणसाची नोकरी अर्जदाराच्या फुलीपायी जाऊ नये. नोटीस रद्द व्हावी. अर्जदाराचे पद काढून त्यास अप्पांच्या हाताखाली द्यावे. ती पिन आजही फिरते आहे.

आपल्यासमोर उभे राहण्याचे धैर्य नसल्याने कागदावर मांडले, क्षमा असावी.

आपला शरमिंदा सेवक,
सर्जेराव सोनबा शिंगाडे
दि. ११ फेब्रुवारी १९५८

सोबत: अर्जदाराने दीड दिवसात केलेली पिन, एक नग. मापास बिनचूक. वापरलेली नाही.