बुटाची नाडी आणि पाच मिनिटं

मी, खाली सही करणारी, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, गोल्फ क्लबची निवृत्त पंच, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपणाखाली मी कधी आलेच नाही, घरात कोणालाही विचारा.

कलम १. राहतं घर मुलीला. जावयांनी मागच्या खोलीतली आरामखुर्ची खुशाल वापरावी, पण हलवू नये. तिचा एक पाय आठ वर्षं नियमांच्या जुन्या पुस्तकावर उभा आहे.

कलम २. बँकेतल्या ठेवी मुलगा आणि मुलगी यांना निम्म्या-निम्म्या. भांडायचं असेल तर मी आहे तोवर भांडून घ्या, निकाल लगेच देते.

कलम ३. झुडपांत सापडलेले दोन बादल्या बेवारशी चेंडू नातीला. तिनं लक्षात ठेवावं, शोधायला आता तीनच मिनिटं मिळतात, आमच्या वेळी पाच होती. मुदत संपल्यावर चेंडू पायाशी सापडला तरी तो हरवलेलाच. दंडाचा फटका घ्यायचा आणि मागे जाऊन पुन्हा मारायचं. कुरकुर करायची नाही.

कलम ४. माझं स्टॉपवॉच धाकट्या दिरांना, म्हणजे आमच्या दंतवैद्य भावोजींना. कारण लिहायचं जिवावर आलं आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात, शेवटच्या होलवर, भावोजींचा चेंडू झुडपात गेला. ते तिथे जाऊन वाकले. शोध सुरू झाला की मुदत सुरू, म्हणून मी घड्याळ दाबलं आणि बरोबर पाच मिनिटांनी हात वर केला. चेंडू त्यानंतर अकरा सेकंदांनी सापडला. चषक गेला. भावोजी म्हणाले, "वहिनी, मी शोधत नव्हतो हो, बुटाची नाडी बांधत होतो." मी चारचौघांत म्हटलं, "नाडी बांधायला घरी वेळ मिळाला नाही का?" त्यानंतर त्यांनी खेळायची काठी हातात धरली नाही. रविवारी जेवायला मात्र येतात आणि दारात बूट काढताना माझ्याकडे बघतात.

ह्यांच्या पश्चात कपाट आवरताना ह्यांनी काढलेला तेव्हाचा फोटो सापडला. भावोजींचे दोन्ही हात नाडीवर, मागे मी, अंगठा घड्याळावर. नाडीच होती. सहा वर्षं मी तो फोटो चादरींखाली दडवला. चूक माझी होती. भावोजी, मला माफ करा आणि पुन्हा खेळायला लागा.

पुरवणी. सहीच्या वेळी दुसरे साक्षीदार, शेजारचे शिंपी, आलेच नाहीत. भावोजी जेवायला आले होते, म्हणाले, "आणा, मी करतो सही." वकीलबाईंनी अडवलं. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही, सही केली तर घड्याळ गेलं. भावोजींनी कलम ४ दोनदा वाचलं. चष्मा पुसला.

"घड्याळ राहू द्या, वहिनी. हे तुम्ही लिहिलंत ना, त्याखाली माझीच सही पाहिजे."

मग मी रडले, तेही रडले, वकीलबाईंनी दोघांना पाणी दिलं. सबब स्टॉपवॉचही नातीला. आज चार वाजता आम्ही दोघं त्याच होलवर जाणार आहोत, त्यामुळे मरायला तूर्त सवड नाही.

ठिकाण: माझं जेवणाचं टेबल
दिनांक: १५ मार्च, रविवार
सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: मैत्रीण, निवृत्त परिचारिका. दोघांना रडताना पाहिलं, शुद्धीत होते.

साक्षीदार २: दंतवैद्य, धाकटा दीर. काठ्या आणायला घरी निघालो आहे. बूट घालताना नाडी सावकाश बांधणार. वहिनींनी घड्याळाला हात लावू नये.